आडनाव नंतर, आधी गाव सांगा

पुण्याच्या सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ असो की कोल्हापूरचं पुराभिलेखागार, घराण्याचा इतिहास शोधायला आलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो : "आमच्या आडनावाचे काही कागद आहेत का हो?" समोर जाणता माणूस बसलेला असेल तर तो उलट विचारतो, "गाव कोणतं?" पाहुण्याला वाटतं, हे टाळतायत. खरं तर शोधाची सुरुवात तिथेच झालेली असते.

जुन्या कागदांमध्ये घराणी नसतात. असतात जमिनी, हक्क, वसुली आणि भांडणं. सरकार शिवशाहीतलं असो, पेशव्यांचं असो की कंपनीचं, त्याला तुमच्या पणजोबांच्या वंशावळीत रस नव्हता. कोणत्या गावची कोणती जमीन कोणाकडे, तिचा सारा किती, पाटीलकी कोणाची आणि ती कोण नाकारतंय, एवढंच त्याला हवं होतं. आपले पूर्वज त्या हिशेबाच्या कडेकडेनं सापडतात. म्हणून शोध घ्यायचा तो गावाचा. माणसं मागोमाग येतात.

आडनावाचा धागा किती कच्चा असतो, याचं ठळक उदाहरण म्हणजे नाना फडणीस. आडनाव भानू. पण हजारो कागदांत ते 'बाळाजी जनार्दन' असतात, म्हणजे जनार्दनपंतांचे बाळाजी. पहिल्या बाजीरावाच्या नावापुढचं 'बल्लाळ' म्हणजेही वडील बाळाजी. 'भट' हे आडनाव शिक्क्यात नाही. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर खेड्यातल्या कुणब्याचं काय? तो 'संताजी बिन हिरोजी' असा येतो. 'बिन' म्हणजे मुलगा. मुसलमान नावांत आणि काही ठिकाणी इतरांच्याही नावांत 'वलद' येतं. बाईचं नाव आलंच तर 'कोम', 'मर्द' किंवा 'भ्रतार' या शब्दानं नवऱ्याला जोडलेलं. वर पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले ही तर हुद्द्यांची नावं. एकाच भाऊकीतली थोरली शाखा 'पाटील' लावते आणि धाकटी मूळ आडनाव, असं गावोगाव दिसतं. त्यामुळे फक्त 'पाटील' शोधत बसलात तर महाराष्ट्रातली निम्मी गावं तुमची निघतील.

तेव्हा अभिलेखागारात जाण्याआधी थोडी तयारी घरी आणि तहसिलीत करावी लागते. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून लोक तो गाळतात आणि थेट 'शिवकालीन कागद' मागतात. माझ्या मते सगळ्यात रसाळ माल या कंटाळवाण्या टप्प्यातच असतो.

सातबारा सगळ्यांना माहीत आहे. पण इतिहास सातबाऱ्यात कमी आणि फेरफारात जास्त. गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी आली तेव्हापासूनची. कोणी वारलं, वाटणी झाली, जमीन विकली, गहाण टाकली की एक फेरफार. वारसाच्या नोंदीत मयताचं नाव, मृत्यूचा अंदाज, मागे कोण कोण आणि नातं काय, हे एकाच जागी मिळतं. सातबाऱ्यावर जे छोटे गोल किंवा कंसातले आकडे दिसतात ते या फेरफारांचे क्रमांक. त्यांना धरून एकेक पायरी मागे जायचं. बहुतेक ठिकाणी १९०५-१० पर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच पिढ्या, जाता येतं. (जुनी पानं काही ठिकाणी मोडीत, म्हणजे जुन्या जलद मराठी लिपीत, असतात.)

यातल्या दोन खुणा ओळखून ठेवा. नावापुढे 'अ. पा. क.' असेल तर तो अज्ञान पालन कर्ता, म्हणजे वारस तेव्हा सज्ञान नव्हता आणि त्याच्या वतीनं आई, चुलता असं कोणी तरी सही करत होतं. या तीन अक्षरांतून मुलाच्या जन्मसालाचा अंदाज येतो, बाप तरुणपणी गेला हे कळतं आणि घरात त्या वेळी कर्तं कोण होतं हेही. दुसरी खूण 'ए. कु. मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या एकट्याच्या नावानं जमीन लागली, धाकट्यांची नावं कागदावर आलीच नाहीत. कोर्टात आजही यावरून दावे चालतात, पण इतिहास शोधणाऱ्याला ती सूचना असते : इथे आणखी भाऊ होते, त्यांना दुसरीकडे शोधा.

घराणं जमिनीचं मालक नव्हतं, कुळ म्हणून राबत होतं, तर? तेव्हा १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, या सुमाराचे फेरफार पाहा. कित्येक घरांचं नाव सरकारी दप्तरात पहिल्यांदा याच वेळी ठसठशीत लागलं. बलुतेदार आणि महार वतनदार घरांच्या जमिनींची वेगळी नोंद असे. हाडकी-हाडोळ्याच्या, म्हणजे महार वतनाच्या, जमिनी कोणाकडे होत्या, वतनं खालसा झाल्यावर त्या कोणाला रीग्रांट झाल्या, म्हणजे पुन्हा दिल्या गेल्या, हेही तहसिलीत मिळतं. 'आमचे कागद असणारच नाहीत' असं धरून बसलेल्यांनी इथे नक्की डोकावावं.

तिसरं पुस्तक गाव नमुना १४, म्हणजे जुन्या काळचं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव एकदम चावडीवर आलं. बाळाचं नाव बहुधा त्यात नसतंच, कारण नोंद बारशाआधीची. 'अमक्यास मुलगा' एवढंच. बापाचं नाव, जात, तारीख. मृत्यूच्या नोंदीत कारणही असतं. प्लेगच्या आणि १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीतली पानं पाहिलीत तर एकाच घरातल्या नोंदी आठवड्याभराच्या अंतरानं लागलेल्या दिसतात. घरात 'एक पिढी मध्येच तुटली' अशी आठवण असेल तर तिचा उलगडा बहुतेक वेळा इथे होतो.

अभिलेख कक्षातून नक्कल मागायला अर्ज करावा लागतो, आणि आता बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार, सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. मराठवाड्यातल्यांचा रस्ता थोडा वेगळा. निजामाचं राज्य असल्यानं जुने कागद उर्दू, फारसीत; गावपातळीला मोडी. तिथे १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद, हा भक्कम पाया, आणि त्याच्या मागचा बराच ऐवज हैदराबादच्या अभिलेखागारात.

हे सगळं हाताशी आलं की मग मोठ्या दप्तरांकडे वळायचं. आणि इथे पहिला धक्का बसतो : तुमच्या गावचे कागद तुमच्या जिल्ह्यात असतीलच असं नाही.

कागद का हलतात हे समजलं की शोध सोपा होतो. पुण्याचं पेशवे दप्तर घ्या. आज ते पुणे पुराभिलेखागारात आहे, सुमारे ३९ हजार रुमाल. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, अजूनही हाच शब्द चालतो.) हे दप्तर एवढं टिकलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. इंग्रजांना इनामं तपासायची होती. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि गावोगावच्या इनामदारांना 'पुरावा दाखवा, नाहीतर जमीन सोडा' असं सांगण्यात आलं. दावा खरा की खोटा हे पाहायला जुनी दप्तरं लागणार, म्हणून ती गोळा केली, लावली, जपली. ज्या कचेरीनं हजारो घरांच्या तोंडचा घास काढला, तिच्यामुळेच त्या घरांचे कागद उरले. घरात 'आमचं इनाम इंग्रजांनी खालसा केलं' अशी गोष्ट सांगत असतील तर त्या चौकशीचा कागद पुण्यात असण्याची शक्यता चांगली.

सातारचं उदाहरण आणखी बोलकं आहे. इतिहास संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी घरोघर फिरून कागद, चित्रं जमवली. मेणवलीचं नाना फडणिसांचं दप्तर त्यांच्या हाती आलं. साताऱ्यात त्यासाठी १९२५ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. पुढे १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि पारसनिसांचा बराचसा संग्रह तिकडे गेला. म्हणजे वाईजवळच्या गावाचा माणूस साताऱ्यात शोधत बसेल आणि कागद येरवड्याच्या वाटेवर. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचंही तसंच. १९१० मध्ये त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पण शेवटची वर्षं त्यांनी धुळ्यात काढली, १९२६ मध्ये तिथेच वारले, आणि त्यांचं दप्तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात राहिलं. त्यात कोकणापासून खानदेशापर्यंत कुठलेही कागद निघू शकतात. तंजावरकडे गेलेल्या मराठी घरांना तर सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. गोव्यातल्यांनी पणजीचं अभिलेखागार, गावकारींची म्हणजे कोमुनिदादींची (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांची) पुस्तकं आणि देवळांच्या महाजनांच्या याद्या धराव्यात. ख्रिस्ती घरांसाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं.

आपलं गाव जुन्या यादीत शोधताना आजचा तालुका विसरा. तेव्हा परगणा, तर्फ, मावळ, खोरं चालायचं. सासवड-जेजुरीकडचं गाव 'तर्फ कऱ्हेपठार' खाली मिळेल, वेल्ह्याकडचं 'गुंजण मावळ' मध्ये. वडगाव, खेड, पिंपळगाव ही नावं तर दर पाच कोसांवर. 'मौजे वडगाव' एवढ्यानं काहीच ठरत नाही. यासाठी कॅम्बेलनं संपादलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं, म्हणजे जिल्हावार माहितीचे सरकारी ग्रंथ, अजून उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्याची तीन भागांत, १८८५ ची. इंग्रजी अंमलदाराच्या नजरेतून लिहिलेली आहेत, जातींबद्दलची काही वाक्यं वाचून डोकं फिरतं. पण गावं, बाजार, देवळं, जुने विभाग यांची माहिती बहुतेक ठिकाणी पक्की.

आता मोडी. तिची भीती जरा जास्तच पसरलीय. लिपी मराठीचीच आहे, भाषाही मराठीच. लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरं लिहीत जातो. शब्द तोडलेले नसतात, पूर्णविराम नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. नेहमीचे शब्द आखूड करून लिहितात : 'मौ।' म्हणजे मौजे, 'रा।' म्हणजे राजश्री, 'त॥' म्हणजे तर्फ. मुळाक्षरं आठ-पंधरा दिवसांत येतात. खरा वेळ जातो तो हातवळणांत. विसाव्या शतकातल्या तलाठ्याची मोडी वाचता आली म्हणून पेशवाईतली येतेच असं नाही, आणि शिवकालीन तर आणखी निराळी. पुराभिलेख खातं आणि संशोधक मंडळ दोघंही मोडीचे वर्ग घेतात. एक वर्ग करा. सगळं वाचता नाही आलं तरी चालेल. आपल्या गावाचं नाव, 'बिन', 'पाटील', 'कुलकर्णी' आणि तारीख एवढं पानावर ओळखता आलं की कोणता कागद जाणकाराकडे न्यायचा हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

तारीख मात्र नीट शिकून घ्यावीच लागते. पेशवाईच्या कागदावर साल असं येतं : 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी आकडे. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हा सुहूर सन. यात ५९९ मिळवले की इसवी सन : १७६०. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या आसपास, सुरू होतं. म्हणून कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे, १७६१. पानिपतची संक्रांत याच सालातली. एकम-दशम पाठ करायला अर्धा तास लागतो : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, मग अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. त्यापुढे 'छ ७ जमादिलाखर' असं असेल तर 'छ' ही चंद्राची खूण, म्हणजे हिजरी महिन्यातली चांद्र तारीख. ती इंग्रजीत आणायला जंत्री, म्हणजे तारखांचा मेळ घालणारं कोष्टक, लागते. मोडकांची किंवा शिवकाळासाठी ग. ह. खऱ्यांची जंत्री वाचनालयात मागा. शके असेल तर ७८ मिळवा, फसली, म्हणजे जुना महसुली सन, असेल तर ५९०. साल चुकलं की आजोबा आणि नातू यांची अदलाबदल होते, कारण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. एकाच घरात एक सोडून एक 'सुभानजी' भेटतात.

कागदांमध्ये सगळ्यात मोलाचा कोणता, असं विचाराल तर मी महजर म्हणेन, म्हणजे वतनाच्या तंट्याच्या निवाड्याचा साक्षीदारांसह कागद. वतनाचा तंटा झाला की गोतसभा, म्हणजे गावच्या वतनदारांची आणि जाणत्यांची पंचायत, बसायची. दोन्ही बाजू आपापली तकरीर लिहून देत, म्हणजे आमचा हक्क कसा, तो कोणापासून आला, मध्ये काय घडलं. हक्क शाबीत करायचा तर पिढ्या सांगाव्याच लागतात : मूळपुरुष अमका, त्याचे लेक दोघे, थोरल्याचा वंश हा, धाकटा दुष्काळात परागंदा झाला. घराण्याची वंशावळ तुम्हाला वतनपत्रात दोन ओळींत मिळेल, पण तकरिरीत आणि करीन्यात, म्हणजे लेखी हकीकतीत, ती भावांच्या भांडणासकट मिळते. मग साक्षी. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बारा बलुते, आसपासच्या गावचे मोकदम, म्हणजे पाटील. लिहिता न येणारा आपली निशाणी करी : पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. साक्षीनं निकाल लागला नाही तर दिव्य. रवा काढायचा, म्हणजे कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं उचलायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहर, आणि ठरल्या दिवशी ती सोडून हात तपासायचा. हरणारा यजितखत लिहून देई की माझा दावा खोटा, पुन्हा कटकट करणार नाही. (पुढच्या पिढीत बहुधा तो पुन्हा करीच, त्यामुळेच तर एका पाटीलकीचे कागद शंभर वर्षं मिळत राहतात.)

म्हणून ज्यांचे पूर्वज हरले त्यांनी नाराज होऊ नये. हरलेल्याची बाजूही त्याच कागदात लिहिलेली असते. आणि वतन नसलेल्या घरांसाठी महजराचा शेवट, साक्षीदारांची यादी, हा खजिना. गावचा सुतार, न्हावी, चांभार, महार यांची नावं बापासकट, गावासकट तिथे लागतात. वंशावळीच्या नादात लोक कागदाची पहिली दहा पानं वाचतात आणि ही यादी सोडून देतात.

अर्थात तकरीर म्हणजे वकिली. आपला मूळपुरुष दोनशे वर्षं मागचा दाखवायची हौस तेव्हाही होती. छापील कुलवृत्तान्तांनाही हेच लागू. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या त्यांत सहसा चोख असतात. त्यामागे 'मूळपुरुष अमक्या राजाबरोबर आला' असं आलं की पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करा आणि समकालीन कागद मागा. हेळव्यांच्या वह्या आणि तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या भरवशाच्या बाबतीत समकालीन कागद आणि कुलवृत्तान्त यांच्या मधल्या. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी बैल घेऊन येतो आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतो. वही असली तरी परंपरा मुळात तोंडी असल्यानं क्रम पाहा, सालं नको. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे मात्र यात्रेला आलेल्या माणसाची, कित्येकदा त्याच्याच हातची, नोंद असते : कोण आलं, बरोबर कोण, कोणत्या गावचं. तीही गाव आणि जात यांवर लावलेली असते.

अभिलेखागाराच्या वाचनकक्षात बसण्याबद्दल थोडं. आधी पत्र किंवा फोन करून जा. ओळखपत्र आणि कशासाठी पाहायचं याचा अर्ज लागतो. पेनाऐवजी पेन्सिल न्या. फोटो विचारून. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादून छापलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड आणि मंडळाची छापील साधनं आधी चाळा. छापलेलं असताना मूळ रुमाल सोडवायला लावू नये, कागद दर हाताळणीला झिजतो. आणि जे टिपाल त्याच्याखाली संस्था, संग्रह, रुमाल नंबर, पुडकं, कागदाचा क्रमांक तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन 'कुठल्या तरी रुमालात होतं' असं म्हणणारे खूप आहेत. त्यांना तो कागद पुन्हा सापडत नाही.

घरच्या पेटीत काही कागद असतील तर त्यांना सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. त्यातून कागद पुन्हा सोडवता येत नाही. सुती कापडात बांधा, ओल आणि वाळवीपासून लांब ठेवा, फोटो काढून ठेवा. कोणी 'वाचून देतो' म्हणून मूळ कागद घेऊन जात असेल तर त्याला फोटो द्या. संस्थेला द्यायचे ठरलेच तर आधी यादी करा, प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक आकडा टाका आणि देताना त्या यादीवर पोच घ्या.